अक्काचा सातवा घटक

सकाळी साडेदहाला अक्काचा फोन आला होता. "स्वल्प डोकं दुखतंय रे," म्हणाली. मी मारतहळ्ळीच्या ऑफिसात मीटिंगला निघालो होतो. "झोप जरा, संध्याकाळी येतो," म्हणून फोन ठेवला. दुपारी भावोजींचा फोन आला, तोवर तिचं बोलणं थांबलं होतं... मेंदूत रक्तस्राव. दोन दिवसांनी ती गेली. त्याला आता सहा आठवडे झाले.

शारदाक्का माझी थोरली बहीण. आमच्या कितीतरी पिढ्या बेंगळुरातच गेल्या. आई आणि अप्पा नात्यातलेच, आतेमामे भावंडं. लहानपणी अक्काच्या नाकातून रक्त आलं की तासभर थांबत नसे. पुढे पाळीत दहा-दहा दिवस ती अंथरुणाला खिळायची. आई म्हणायची, उष्णता आहे. डॉक्टर लोहाच्या गोळ्या द्यायचे. रक्त न थांबण्याचा आजार मुलग्यांना होतो, मुलींना नाही, असं एकाने ठणकावून सांगितलं, तेव्हापासून तिने तक्रार करणंच सोडलं. मीही तिला एकदा नाटकी म्हणालो होतो.

बाळंतपणात मुलगी सुखरूप झाली, पण अक्काचं रक्त थांबेना. रक्ताच्या पिशव्या चढतच होत्या. शेवटी एका तरुण डॉक्टरीणबाईंनी वेगळ्या तपासण्या करवल्या आणि आम्हाला समजावलं, "रक्त गोठायला बरेच घटक लागतात, एकाने दुसऱ्याला जागं करायचं असतं. यांच्या रक्तात सातवा घटक फार कमी आहे. दोष आई-वडील दोघांकडून आला की मुलीलाही हा आजार होतो." शुद्धीवर आल्यावर अक्काने हे शांतपणे ऐकलं. "म्हणजे मी नाटक करत नव्हते," एवढंच म्हणाली.

त्यानंतर ती अशा मुलींच्या घरी जाऊ लागली. शनिवारी बसने आनेकलला जायची. तिथे रत्नम्मा नावाची कारखान्यात शिवणकाम करणारी बाई होती, तिच्या मुलीला हाच आजार. अक्का तिला कन्नडमध्ये बजावायची, "मुलीला गप्प बसवू नका. डोकं दुखलं तर एक मिनिट थांबू नका, आधी औषध, मग दवाखाना."

स्वतः मात्र ती थांबली. तिच्या हक्काचा, सातव्या घटकाच्या इंजेक्शनचा डबा फ्रीजच्या वरच्या कप्प्यात होता. भावोजी तेराव्यानंतर म्हणाले, "मी घ्यायला सांगितलं, तर म्हणाली, साध्या डोकेदुखीला कशाला, सहज मिळत नाही ते. मी ऐकलं आणि व्हाइटफील्डला कामाला निघून गेलो." ते रडत होते. ते निघून गेल्यावर तिने मला फोन केला होता, हे तेव्हा माझ्या तोंडून निघालं नाही. आज इथे पहिल्यांदा लिहितोय... ते वाचतील.

गेल्या रविवारी आम्ही दोघं तो डबा बर्फात ठेवून आनेकलला देऊन आलो. रत्नम्माने दोन्ही हातांनी घेतला. घरी आल्यावर भावोजींनी फ्रीज पुसला. दूध, दही, कोथिंबीर, इडलीचं पीठ सगळं खाली दाटीवाटीने बसवलं. दार लागेना, म्हणून मी दह्याचं भांडं उचलून वर ठेवायला गेलो.

"तिथं नको," ते म्हणाले.

वरचा कप्पा त्यांनी रिकामाच ठेवला आहे.