गुळाच्या डब्याचे कुलूप

राळेगावात त्या काळी तिजोऱ्या फारशा नव्हत्या. पण आमच्या घरी गुळाच्या डब्याला कुलूप होते आणि किल्ली माझ्या करगोट्याला.

बाबांच्या लघवीत साखर निघाली होती. यवतमाळच्या डॉक्टरांनी काचेची नळी आणि निळे औषध दिले. रोज सकाळी त्यात लघवीचे आठ थेंब टाकून तापवायचे. निळे राहिले तर उत्तम. हिरवे झाले तर साखर थोडी, विटकरी झाले तर फार. पंधरा दिवसांनीही विटकरीच असेल, तर रोज सुई.

बाबा साप हाताने धरत. सुईचे नाव काढले की घाम फुटे. घरातला शिकलेला म्हणून त्यांची शुश्रूषा मी ताब्यात घेतली. (कोणी दिली नव्हती.)

पहिल्या दिवशी नळी विटकरी. चौथ्या दिवशीही. मी मायची झडती घेतली.

"मी काय चोर आहो काय रे?"

"मंग हे लाल काहून होऊन राह्यलं?"

"मले काय इचारतं? तुह्या नळीले इचार."

मी भात बंद केला. मग चहा. मग शेजारचे गणपतकाका, कारण त्यांच्या खिशात रेवड्या असत. नळी ढिम्म. बाबांचा सदरा मात्र रोज मोठा होत चालला.

एका बाबतीत बाबांचे पूर्ण सहकार्य होते. वैद्यबुवांचे जांभूळबियांचे चूर्ण मी दिवसातून दोनदा चाटवी. जन्मभर औषधाला तोंड फिरवणारा माणूस स्वतःच विचारी, "बापू, औषधाची येळ नाही झाली काय?" नळी हटेना म्हणून मी दोनदाचे तीनदा केले, तीनदाचे पाचदा.

पंधराव्या दिवशी दवाखान्यात सुई उकळत होती. बाबांनी माझे मनगट घट्ट धरले.

"खातात काय?" डॉक्टरांनी विचारले.

मी वही उघडून अभिमानाने वाचले, "ज्वारीची भाकर, मेथीची भाजी, चूर्ण."

"चूर्ण कशात देता?"

"मधात. चूर्ण मधातच चाटवतात ना."

"किती मध?"

"चमचाभर. पाच वेळा."

डॉक्टरांनी स्टोव्ह बंद केला. बाबांनी माझे मनगट सोडले आणि ते छताकडे पाहू लागले. मध गोड असतो हे मला ठाऊक होते. पण मी त्याला औषधात धरले होते.

आठवड्याभरात नळी हिरवी झाली, सुई टळली. गुळाचा डबा आता उघडाच असतो. बाबा त्याला हात लावत नाहीत. कुलूप मधाच्या बाटलीच्या पेटीला आहे आणि किल्ली मायकडे. घरी कोणी आजारी पडले, की ती आधी मला बाहेर बसवते.