धोंडीच्या वाटणीचा रस

पहिल्या महायुद्धात आमची पलटण बेळगावच्या कॅम्पातून निघाली, मुंबईला आगबोटीत चढली आणि मेसोपोटेमियात उतरली. मी तेव्हा नाईक होतो. माझ्या सेक्शनमध्ये दहा जवान. आता बोरगावात पेन्शनवर आहे. परवा शाळेचे मास्तर घरी आले आणि म्हणाले, मुलांसाठी लढाईतलं काही शौर्याचं लिहून द्या. शौर्याचं माझ्याजवळ फारसं नाही. जे आहे ते लिहितो. मुलांना वाचून दाखवायचं की नाही, ते मास्तरांनी बघावं.

धोंडी बेळगावजवळच्या हिंडलग्याचा. आम्ही एकाच दिवशी भरती झालो, पण मला नाईकाची फीत आधी मिळाली आणि वयानंही मी मोठा, म्हणून तो मला अण्णा म्हणायचा. हात शेतकऱ्याचे. खंदक खणायला लागला की दोघांचं काम एकटा उरकायचा. आगबोटीवर सगळी पलटण कठड्याला लटकून ओकत होती, तेव्हा हा पठ्ठ्या आईनं दिलेला मीठ लावलेला चिंचेचा गोळा चाटत बसला होता. त्यातला अर्धा त्यानं मला दिला. माझी मळमळ त्यानंच थांबली, हे मी तेव्हा कबूल केलं होतं.

नदीकाठी एका पोस्टवर आम्हाला ठेवलं. पहाटे पाचला स्टँड-टू, म्हणजे बंदुका घेऊन खंदकात सज्ज उभं राहायचं. सातला चहा. मग खंदकाचं काम, अकराला रोटी आणि डाळ. संध्याकाळी पुन्हा रोटी आणि डाळ. तूप होतं, गूळ होता, मीठ होतं. पोट भरत होतं, तक्रार नव्हती. भाजीचं पान मात्र दिसत नव्हतं. बोटी उशिरा येत आणि आल्या तरी आधी दारूगोळा उतरे. दीडेक महिन्यात जवानांच्या हिरड्या सुजू लागल्या. रोटी चावताना रक्त यायचं. आमच्या भागातल्या जवानांनी त्यावर घरचा उपाय काढला. तंबाखू तव्यावर जाळायची, तिची मशेरी करायची आणि हिरड्यांना चोळायची. ठणका कमी व्हायचा. दात आणि हिरड्या काळ्या व्हायच्या, पण तिथं आरशात बघतंय कोण!

मेडिकल ऑफिसर कॅप्टनसाहेबांनी एक दिवस सगळ्यांना रांगेत फॉलइन केलं. साहेब गोरा, पण हिंदुस्तानी स्वच्छ बोलायचा. म्हणाला, ताजी भाजी नाही, फळ नाही, म्हणून हा आजार आहे. हिरड्या सुजतात, भरलेल्या जखमा पुन्हा उघडतात आणि माणूस गोळी न लागता मरतो. त्यावर लिंबाचा रस हेच औषध. हर जवान, हर रोज. नाईकानं समोर उभं राहून पाजायचा आणि संध्याकाळी सहाला रिपोर्ट द्यायचा. हुकूम स्पष्ट होता. मला समजला नाही असं मी म्हणू शकत नाही.

त्याच आठवड्यात काटेरी तार ओढताना धोंडीची डावी नडगी फाटली. चार बोटं लांब, फार खोल नाही. पट्टी बांधून तो कामावर आला. दुसऱ्या दिवशी सकाळी मी रसाची बाटली घेऊन सेक्शनपुढं उभा राहिलो. धोंडीनं आपला मगा पुढं केला. मी तो बाजूला सारला.

"तुला न्हाय."

"का रं अण्णा?"

"पायाला लागलंय न्हवं? आंबट खाल्लंस तर चिघळंल."

आमच्याकडं कुणाला खुरपं लागलं, विळा लागला, की चिंच, ताक, लिंबू त्याच्यापुरतं बंद. आंबटानं जखमेत पू होतो, हे मी आईच्या मांडीवर शिकलो होतो. धोंडीही तेच ऐकत वाढला होता. तरी म्हणाला, "साहेबानं सांगितलंय की रं."

"साहेबाला गोऱ्याच्या अंगातलं कळतंय. आपल्या हाडामांसातलं काय कळतंय?"

सगळे हसले. मलाही आपण फार शहाणं बोललो असं वाटलं. उरलेला रस सांडायचा कशाला, म्हणून धोंडीच्या वाटणीचा मीच प्यालो. संध्याकाळी सहाला आमच्या कंपनीच्या सुभेदारसाहेबांपुढं उभा राहिलो.

"रिपोर्ट?"

"सगळे प्याले, साहेब."

हे रोज चाललं. आधी जखमेवर खपली धरली. मला वाटलं, बघा, माझं पथ्य लागू पडलं. मग खपली सुटली आणि जखम पहिल्यापेक्षा रुंद उघडली. पोटऱ्यांवर जांभळे डाग आले. कुदळ मारताना धोंडी मध्येच खाली बसायला लागला. एकदा मला म्हणाला, "एक घोट दे की अण्णा. तोंडाला पाणी सुटतंय." मी त्याच्यावर खेकसलो. चोरून आंबट खातोस म्हणूनच जखम भरत नाही, असा आळ घेतला. त्यानं काही खाल्लं नव्हतं. तिथं चोरायला आंबट होतंच कुठं? त्याच्या डोळ्यांदेखत मी त्याच्या वाटणीचा रस रोज पीत होतो आणि ती त्याची काळजी आहे असं समजत होतो.

एका पहाटे स्टँड-टूला धोंडी उभा राहिला आणि गुडघ्यात मोडून पडला. स्ट्रेचरवरून त्याला डॉक्टरच्या तंबूत नेलं. मी बरोबर होतो. कॅप्टनसाहेबांनी पाय बघितला, तोंड उघडून बघितलं. मशेरीनं हिरड्या काळ्याकुट्ट झालेल्या, काही कळत नव्हतं. साहेबांनी माझ्याकडं बघितलं.

"इसको जूस मिलता था?"

"जी साहेब."

"रोज?"

"रोज, साहेब."

असं का बोललो? भीती होती. हुकूम मोडला, रोज खोटा रिपोर्ट दिला, फीत जाणार, पलटणीत नाचक्की होणार. एवढंच. आंबटाबद्दलची माझी समजूत अडाणीपणाची होती, ती एक वेळ सोडून देता येईल. हे मात्र समजून उमजून केलं. साहेबांनी मान हलवली आणि जखम सडल्यामुळं रक्त बिघडलंय, असा निष्कर्ष काढला. नुकत्याच आलेल्या बोटीनं थोडी ताजी लिंबं आणि कांदे आले होते. ते फक्त हिरड्यांच्या त्या आजाराच्या पेशंटना मिळत. पलीकडच्या खाटेवर एक जवान लिंबू चोखत होता. धोंडीला दूध आणि साबुदाणा.

दोन दिवस मी ड्यूटी केली. तो पलीकडचा जवान दुसऱ्या दिवशी उठून बसलेला मी डोळ्यांनी बघितला. तिसऱ्या दिवशी सकाळी अकराला कॅप्टनसाहेबांपुढं सॅल्यूट ठोकून सगळं सांगितलं. साहेबांचा चेहरा लाल झाला. ते एवढंच म्हणाले, "फॉल्स रिपोर्ट, नाईक." मग ऑर्डर्लीला हाक मारून लिंबं आणायला पळवलं.

रस मीच पिळला. साखर घातली. धोंडीची मान हातावर घेऊन मगा ओठांना लावला. वास आल्यावर त्यानं डोळे उघडले. माझ्याकडं बघितलं आणि विचारलं,

"आंबट चालंल न्हवं, अण्णा?"

"चालंल. पी."

दोन घोट प्याला. दुपारी चारला गेला. नदीकाठी त्याला अग्नी दिला. सेक्शननं बंदुका समोर धरून सलामीचं प्रेझेंट आर्म्स केलं. हुकूम मीच दिला.

साहेबांनी माझ्यावर कारवाई केली नाही. त्यांनी सुभेदारसाहेबांना काय सांगितलं, मला माहीत नाही. फीत राहिली. ती काढून घेतली असती तर बरं झालं असतं, असं मला आजही वाटतं. लढाई संपल्यावर तीच फीत लावून मी गावात आलो आणि लोकांनी हार घातले. आज आमच्या गल्लीत कुणाला कुऱ्हाड लागो, कोयता लागो, मी जाऊन त्याला लिंबू द्या म्हणून सांगतो. बायका तोंडाला पदर लावून हसतात. म्हाताऱ्याला आंबटाचं खूळ लागलंय म्हणतात.

रजा मिळाल्यावर मी हिंडलग्याला गेलो होतो. धोंडीच्या आईनं मला घोंगडं टाकून बसवलं, पाणी दिलं. सरकारी कागदात तो कामी आला एवढंच लिहिलं होतं. कसा, ते तिनं विचारलं नाही.

"शेवटाला जवळ कोण हुतं रं बाबा?"

"मीच होतो, मावशी."

तिनं माझ्या तोंडावरून हात फिरवून आपल्या कानशिलांवर बोटं मोडली. "तू हुतास, लई बरं झालं." थोड्या वेळानं म्हणाली, "लहानपणापास्नं त्याला आंबटाचं लई वेड. तिकडं काय आंबटबिंबट मिळत हुतं का न्हाय?"

"मिळत होतं, मावशी. रोज मिळत होतं."

तिचं समाधान झालं. जाताना तिनं मीठ लावलेला चिंचेचा गोळा फडक्यात बांधून माझ्या हातात दिला. धोंडीच्या वाटणीचा तोही मीच घेऊन आलो.