सिंहस्थाच्या आधीचा भाव

माझ्या वडिलांची उमेदीची सगळी वर्षं दुसऱ्याच्या मागावर गेली. नागपुरातल्या आमच्या वस्तीत घरोघरी लुगडी विणली जात, पण स्वतःचा माग असलेली माणसं थोडी. स्वातंत्र्य आलं तरी सूत परवान्यावरच मिळे, आणि परवाना मालकाच्या नावावर. सूत आलं तर मजुरी, नाही तर घरी बसणं. पावसाळ्यात मागाखालच्या, पाय सोडून बसायच्या खड्ड्यात पाणी झिरपे आणि काम महिना महिना बंद राही. तेव्हा आम्ही पेज आणि अंबाडीची भाजी खात असू. पेजेचा तांदूळ आईच्या माहेरचा. कुहीजवळ तिच्या नावावर धानाची एक बांधी होती. मामा ती कसत आणि वाट्याची पोती पाठवत. आमच्याजवळ विकण्यासारखं तेवढंच होतं. हे लिहिताना मला लाज वाटत नाही. त्याच पेजेवर मी कॉलेजात गेलो.

मी बी.कॉम.च्या दुसऱ्या वर्षाला असताना वडिलांच्या मालकाने चारही माग विकायला काढले. म्हातारा थकला होता, त्याला उमरेडला लेकीकडे जायचं होतं. त्याने पहिला शब्द वडिलांकडे टाकला. आमच्याकडे मागाचा भाव ठरवायची रीत सोपी होती: मागच्या लग्नसराईत मागाने खर्च वजा जाऊन जे दिलं, त्याच्या दुप्पट. मागच्या हंगामात एकेका मागाने दोनशे रुपये दिले होते, म्हणून भाव चारशे. तसा हंगाम वडिलांनी आयुष्यात पाहिला नव्हता. आपले दिवस पालटले असं त्यांच्या मनाने घेतलं. बांधी विकून निदान दोन माग घ्यायचे ठरले. 

त्याच आठवड्यात आमच्या प्राध्यापकांनी वर्गात शेअरचा भाव शिकवायला घेतला. एका शेअरमागे गिरणीची कमाई किती, आणि भाव त्या कमाईच्या किती पट, हे काढलं की शेअर महाग की स्वस्त ते कळतं. फळ्यावर हिशेब मांडून झाल्यावर ते म्हणाले, "पण कमाई कुठल्या वर्षाची धरणार? मागची खाऊन झाली. तुम्ही पैसे मोजता ते पुढच्या कमाईसाठी. ती मात्र अंदाजाची असते, आणि अंदाज सांगणारा बहुधा विकणाराच असतो." पुढे शेअर दलालाच्या पेढीत नोकरीला लागलो तेव्हा पुढच्या कमाईच्या पटीत मोजलेल्या या भावाला फॉरवर्ड पी-ई म्हणतात हे कळलं. त्या दिवशी मला फक्त आमचे माग दिसत होते.

कारण पुढचं वर्ष सिंहस्थाचं होतं. गुरू सिंह राशीत असला की आमच्याकडे लग्नं लावत नाहीत. म्हणूनच तर मागच्या हंगामात ज्याने त्याने मुलींची लग्नं घाईने उरकली होती आणि लुगडी हातोहात गेली होती. पुढच्या हंगामात माग फार तर पन्नास रुपये देणार. म्हणजे चारशे हा भाव दुप्पट नव्हे, आठपट.

संध्याकाळी हे घरी सांगितलं. वडिलांचा जोडीदार, शेजारच्या मागावर बसणारा, तेव्हा आमच्याकडेच बसला होता.

"तुह्या मास्तरले धोटा फेकता येते का गा?" वडील म्हणाले.

"नाही येत, बाबा. पण सिंहस्थ तर तुम्हालेबी माहीत आहे."

"माहीत आहे. मंग? वर्षभर लोकं उघडे फिरतीन का?"

जोडीदार हसला. "पोट्टा कॉलेजात जाऊन पंचांग शिकून राहिला. बामनाच्या पोटावर पाय देईन आता."

आई चुलीपाशी होती. तिथूनच म्हणाली, "बांधी मही आहे. वर्षभर थांबा. मंग म्हणान तर विकीन."

वडील त्या रात्री जेवले नाहीत. चारही माग जोडीदाराने घेतले. त्यासाठी त्याने राहतं घर विकलं आणि मागांच्या पडवीतच संसार मांडला.

सिंहस्थ लागला आणि माझं गणित खरं ठरलं. त्याचा आनंद करायला घरात जागा नव्हती. जोडीदाराने आधी दोन माग बंद केले, मग तिसरा. वडिलांचं काम सुटलं. ते इतवारीत किराण्याच्या दुकानांपुढे पोती उतरवायला जाऊ लागले. लुगडं विणणारे हात. बोटांना भेगा पडल्या. मी आठपट, दुप्पट काय ते बरोबर ओळखलं, पण मजुरी त्यामुळे कुठून येणार होती? वडील माझ्याशी कामापुरतं बोलत. आपण मालक झालो असतो, हे त्यांच्या मनातून गेलं नव्हतं.

सिंहस्थ संपत आला तेव्हा जोडीदार एका दुपारी आला आणि उभ्या उभ्याच वडिलांना म्हणाला, "दोन माग घेतं का? दीडशेले एक."

रीतीप्रमाणे हा भाव महाग होता. मागच्या हंगामात मागाने पन्नासच दिले होते, म्हणजे तिप्पट. पण वर्षभर अडलेली लग्नं आता एकदम लागणार होती. पुढच्या हंगामात माग दीडशे तरी देईल असा माझा अंदाज होता. भाव नि कमाई सारखीच. मी ते त्याच्यासमोरच बोललो.

"काका, आता विकू नका. एवढे दिवस काढले, हा हंगाम काढा."

त्याने माझ्याकडे पाहिलं. "धरून ठेवाले पोटात काही लागते ना, बाबू. हे नाही शिकवत का तुमच्याकडे?"

  पुढे पेढीत मी असे पोटासाठी शेअर विकणारे पुष्कळ पाहिले. सगळेच काही मूर्ख नव्हते.

वडिलांनी आईकडे पाहिलं. बांधी विकली आणि अंदाज चुकला तर तांदूळही जाणार होता. पंचांग मुहूर्त सांगतं. पीक कसं येईल, लोकांच्या हाती पैसा राहील की नाही, ते सांगत नाही. आई म्हणाली, "अर्धी बांधी विका. अर्धी राहू द्या." वडिलांनी भावात घासाघीस केली नाही. जोडीदार सांगेल तेवढे दिले. त्यानंतर दोघं एका ओसरीवर बसलेले मी पाहिले नाहीत.

त्या हंगामात एकेका मागाने सव्वाशे दिले, माझ्या अंदाजापेक्षा कमी. त्याच उन्हाळ्यात मी बी.कॉम. झालो, आमच्या घराण्यातला पहिला पदवीधर. वडील दोन मागांचे मालक झाले, आणि सुताचा परवाना त्यांच्या नावावर आला.