तसबीरवाल्या अप्पांची काच

"बसली. आता हालायची न्हाय."

तसबिरीत काच बसवून झाली की अप्पा चौकटीवर बोटाने टकटक करायचे आणि हे म्हणायचे. गिऱ्हाईक तसबीर बगलेत मारून पायऱ्या उतरू लागले तरी मागून आवाज यायचा, "हालायची न्हाय बरं का!" जणू काच म्हणजे सासरी निघालेली लेक.

भूमच्या बाजारात त्यांचे दुकान होते. कपाळावर भस्म, गळ्यात इष्टलिंगाची चांदीची डबी आणि धोतरावर कायम लांबीचे पांढरे डाग. खडूची भुकटी जवसाच्या तेलात मळून केलेल्या या लांबीवर त्यांचा फार जीव. गावातल्या घराघरातले देव त्यांनीच काचेआड बसवलेले. एवढा कसबी माणूस, पण कौतुक केले की कानाच्या पाळ्या लाल व्हायच्या.

तेव्हा निजामी होती आणि मी भूम-बार्शी मोटारीवर तिकिटे फाडत होतो. जर्मन-जपानच्या लढाईमुळे पेट्रोल मिळेना, म्हणून मोटारीच्या पाठीमागे कोळशाची भट्टी जोडली होती; तिच्या वायूवर मोटार चालायची. माणूस लग्नाला निघालेला असो की कोर्टात, बार्शीला उतरताना लोहारासारखा दिसे. ड्रायव्हरला आम्ही सगळे उस्ताद म्हणायचो. उस्ताद आणि अप्पा रोज संध्याकाळी एका बाकावर बसून चहा प्यायचे आणि एकमेकांशी एक अक्षर बोलायचे नाहीत. इतकी दोस्ती मी दुसरी पाहिली नाही.

हुरड्याचे दिवस होते. शेतातल्या माळ्यावर उभ्या असलेल्या एका राखणदाराने पाखरांवर गोफण फिरवली. पाखरे उडाली आणि गोटा आमच्या मोटारीच्या समोरच्या काचेवर आला, तिचा चुराच झाला. बिचारा राखणदार माळ्यावरून उतरून असा पळाला, की मला हसू आले. उस्ताद मात्र हसला नाही. त्याच्या डोळ्यांत खुपऱ्या होत्या. बार्शीच्या डॉक्टरने त्याला बजावले होते, की वारा आणि धूळ लागू देशील तर नजर जाईल. ड्रायव्हरची नजर गेली म्हणजे सगळेच गेले.

मालकाने सोलापूरपर्यंत विचारणा केली. लढाईत कुठली काच! "बिनकाचेची चालवा," मालक म्हणाला. उस्तादने डोळ्यांवर विरळ फडके बांधून दोन फेऱ्या केल्या. तिसऱ्या दिवशी चहाच्या बाकावर त्याचे लालभडक डोळे पाहून अप्पा तोंडातला घोट गिळायचे विसरले.

"म्या बशिवतो काच," ते म्हणाले.

मठातल्या मोठ्या तसबिरीसाठी त्यांनी एक काच जपून ठेवली होती. ती त्यांनी काच कापायच्या हिरकणीने कापली, मोटारीच्या चौकटीत बसवली, कडेने बारीक खिळे मारले, वर लांबी भरली आणि भस्माचे बोट लावले. टकटकही झाली. आम्ही सगळे खूश.

घोटाळा आमच्या कुणाच्याच ध्यानात आला नाही. तसबिरीत काच नेहमी मागच्या बाजूने बसते आणि खिळेही मागूनच ठोकतात. अप्पांनी जन्मभराच्या सवयीने तेच केले. मोटारीचे तोंड म्हणजे तसबिरीचे तोंड, मग मागची बाजू कोणती, तर जिथे उस्ताद बसतो ती! काच आतून बसली आणि तिला धरायला आत फक्त ते बारीक खिळे. वारा बाहेरून ढकलणार, आणि काच सुटली तर थेट उस्तादच्या तोंडावर येणार.

आठवड्याभरात काच शिट्टी वाजवू लागली. मग थरथरू लागली. उस्तादने एका संध्याकाळी बाकावरचे मौन मोडले.

"अप्पा, काच हलती."

"माजी काच? आजपातुर कुणाच्या भिंतीवरली हालली का?"

"दिवाल चलती नै ना, अप्पा."

अप्पा उठले, मोटारीत चढले आणि बराच वेळ खिळ्यांवरून बोट फिरवत राहिले. खाली उतरले तेव्हा चेहरा पार उतरला होता. काच काढून बाहेरून बसवावी, तर जिथे सुटली नव्हती तिथली लांबी दगडासारखी घट्ट झालेली. उकरताना काच तडकणार, आणि दुसरी मिळणार नाही. त्यांनी आणखी खिळे मारले. पण त्यांचा आता त्या खिळ्यांवर विश्वास उरला नव्हता.

दुसऱ्या दिवशी सकाळी दुकानाला कुलूप लावून अप्पा मोटारीत हजर. उस्तादच्या शेजारच्या जागेवर बसले आणि दोन्ही तळवे काचेला टेकवले. ती जागा कचेरीतल्या एका कारकुनाची ठरलेली. तो गुरगुरला, "अहो, ही आमची जागा आहे."

"काच धरता का? मग बसा."

कारकून मागे जाऊन बसला.

तेव्हापासून हे रोजचे झाले. भूमहून बार्शी, बार्शीहून भूम. निजामी हद्दीच्या नाक्यावर करोडगिरीचा, म्हणजे जकातीचा शिपाई गाठोडी तपासायचा, तेवढा वेळ अप्पा हात खाली घेऊन बोटे मोडायचे. नव्या उतारूंना वाटे, हे जप करताहेत. एका म्हातारीने तर त्यांच्या पायांवर नारळ ठेवला. उस्ताद रोज म्हणायचा, "अप्पा, बस करो, दुकान खोलो." अप्पांचे उत्तर ठरलेले, "तुमी म्होरं बगा, उस्ताद."

मला त्यांचा राग यायचा, खरे सांगतो. एका चुकीपायी माणसाने किती हट्ट करावा! पण त्यांच्या लेखी ती चूक नव्हती, ते उस्तादचे डोळे होते.

बार्शीकडच्या उतारावर एके दिवशी चाक खड्ड्यात आपटले. वरचे खिळे निखळले आणि काच आत आली. मी मागून पाहिले ते एवढेच, की अप्पांनी ती अख्खी काच कवटाळली आणि उस्तादकडे पाठ करून दाराच्या बाजूला वळले. काच त्यांच्या मिठीतच फुटली. उस्तादने मोटार रस्त्याकडेला थांबवली. अप्पांचा सदरा रक्ताने भिजला होता, उजव्या हाताकडे बघवत नव्हते. आणि हा माणूस काय म्हणाला?

"उस्ताद, डोळं बगू."

उस्ताद लहान मुलासारखा रडला. डोळ्यांत कण गेला नव्हता.

अप्पांच्या उजव्या हाताची दोन बोटे पुन्हा मिटली नाहीत. हिरकणी धरता येईना. बिनकाचेची चालवा म्हणायला आता मालकही धजला नाही. मोटार महिनाभर त्याच्या आवारात उभी राहिली, तेव्हा उस्ताद रिकामाच होता. तो दुकानात येऊन बसला आणि अप्पा सांगतील तशी काच कापू लागला. स्टिअरिंग धरणारा हात तो, रेघ सरळ यायचीच नाही. त्या महिन्यात भूममधले बरेच देव जरा तिरके बसले. कुणी तक्रार केली की अप्पा म्हणायचे, "तुमीच जरा मान वाकडी करा की!"

पुढे सोलापूरहून काच आली. बसवायला कारागीरही आला. अप्पा त्याच्या शेजारी उभे राहून शंभरदा म्हणाले, "भाईरनं बशिवताय न्हवं?" तो वैतागून गेला, पण काच बाहेरूनच बसली. उस्ताद पुन्हा भूम-बार्शी करू लागला.

लढाई संपल्यानंतरच्या उन्हाळ्यात अप्पा तापाने गेले. अप्पा लिंगायत; त्यांच्यात माणसाला आडवे नेत नाहीत. बसवून नेतात आणि बसवूनच पुरतात. फुलांची खुर्ची सजवायची तयारी चालली होती. तेवढ्यात उस्ताद मोटार घेऊन दारात आला. आतून-बाहेरून धुतलेली. भट्टी विझवून तो अंगणात हात जोडून उभा राहिला आणि मठातल्या स्वामींना म्हणाला, "अप्पाकू मेरे बाजू में बिठाव."

स्वामींनी अप्पांच्या थोरल्या मुलाकडे पाहिले. मुलाने होकाराची मान डोलावली.

आम्ही भट्टी पुन्हा पेटवली. अप्पांना पुढच्या जागेवर बसवले, गळ्यात हार घातले. मी मागून त्यांचे खांदे धरून होतो. माळावरच्या रस्त्यावर भोवताली धूळ उडत होती आणि उस्तादचे डोळे समोर लागलेले होते. अप्पांना एकही धक्का बसू नये म्हणून त्याने मोटार इतकी सावकाश चालवली, की पायी निघालेली माणसे पुढे निघून गेली आणि आम्ही तिघेच मागे राहिलो.