तांबड्याच्या उपचाराची गोष्ट

मुलुंडला आमच्या इमारतीच्या जिन्याखाली एक तांबडा कुत्रा राहायचा. त्याला सांभाळायच्या तळमजल्यावरच्या काकू, निवृत्त शिक्षिका. त्यांच्या आरतीच्या वेळी तो दारात शांत बसायचा, म्हणून तो फार सात्त्विक आहे, असं त्या सगळ्यांना सांगत.

एकदा त्याच्या लघवीच्या जागेतून रक्ताचे थेंब पडताना दिसले. काकूंनी उन्हाळी लागल्याचं निदान केलं आणि धण्याजिऱ्याचं पाणी पुढे ठेवलं. त्याने वाटी उलथवली. थेंब थांबेनात, तेव्हा मी त्या दोघांना रिक्षाने दवाखान्यात नेलं.

डॉक्टरीणबाई तरुण होत्या. त्यांनी हातमोजे घालून कातडी मागे सारली, तर आत फ्लॉवरच्या तुऱ्यासारखी लालभडक गाठ. काकू घाईघाईने भिंतीवरचं मांजराचं पोस्टर वाचू लागल्या. डॉक्टरांनी गाठीवर काचपट्टी टेकवली, ती मायक्रोस्कोपखाली बघितली आणि सांगितलं की हा ट्यूमर आहे, पण इंजेक्शनांनी पूर्ण बरा होतो. काकूंनी विचारलं, झाला कशाने?

"संबंधातून. एका कुत्र्याकडून दुसऱ्याला."

काकू हळूच म्हणाल्या, "पण हा गेटबाहेर जात नाही हो."

"मग ती आत आली असेल."

रिक्षात काकू त्याच्याशी एक अक्षर बोलल्या नाहीत.

दर आठवड्याला रक्त तपासून शिरेतून इंजेक्शन सुरू झालं. काकू त्याचं डोकं मांडीवर घेऊन बसत. शेजाऱ्यांना त्या 'युरीनचा त्रास' एवढंच सांगत. पण गल्लीतल्या इतर कुत्र्यांनाही हे असू शकतं, लोकांना बघायला सांगा, असं डॉक्टरांनी बजावलं आणि काकूंची पंचाईत झाली. शेवटी सोसायटीच्या मीटिंगमध्ये पाण्याच्या टाकीचा विषय संपल्यावर त्या उठल्या आणि आठवीच्या वर्गाला शिकवावं तशा सुरुवातीपासून शेवटपर्यंत सगळं बोलल्या. चेअरमन चहाच्या कपात बघत राहिले. सगळे पांगल्यावर त्यांनी मला बाजूला घेऊन विचारलं, माणसांना होतं का हो हे? मागून काकूंनीच उत्तर दिलं, "नाही. तुम्ही निर्धास्त राहा."

दुसऱ्याच दिवशी चेअरमनच्या बायकोने देवळामागची एक कुत्री दाखवली. तिलाही तीच गाठ निघाली. मग दोघांना एकाच रिक्षातून न्यायचं ठरलं. मध्ये मात्र काकू बसल्या.

गाठी विरघळल्या, मग दोघांची नसबंदी झाली. आता ती कुत्रीही जिन्याखाली राहते.