पंचवीस तारखेला फोन करू नये

खिशात फोन तिसऱ्यांदा थरथरला तेव्हा मी भोरच्या आमच्या छोट्या चर्चमध्ये नाताळच्या उपासनेला पुढच्या बाकावर बसलो होतो. हातात संदेशाचा कागद. गाणं संपलं की मीच उठणार होतो. स्क्रीनवर नाव दिसलं, आमच्या दवाखान्याचा परिचर दगडू. डोक्यात तिडीक गेली. आजच्या दिवशीसुद्धा?

मी वेल्ह्यात जनावरांचा डॉक्टर आहे. डिसेंबर म्हणजे लाळ्या-खुरकुताचं लसीकरण, जनावरांच्या कानात बिल्ले मारणं आणि त्या सगळ्याच्या ऑनलाइन नोंदी. आधीचे दोन नाताळ मी गोठ्यात काढले होते. एकदा शेळीचं पोट फुगलं होतं म्हणून, आणि एकदा एका गृहस्थाला दाखला आजच्या आज हवा होता म्हणून! यंदा साहेबांकडून रीतसर रजा घेतली आणि रागारागानं दवाखान्याच्या बोर्डावर खडूनं मोठ्या अक्षरात लिहिलं : 'पंचवीस तारखेला डॉक्टरांचा सण आहे. फोन करू नये.'

बाहेर येऊन फोन घेतला. "काय रे, बोर्ड वाचता येत नाही का तुला?"

"सायेब, लशींचा फ्रीज बघाया आलो व्हतो. पासलीच्या सखूबाई पायरीवर बसल्यात. सकाळी आठपासनं. म्हस अडलीय त्यांची, पानमोट पहाटंच फुटलीय."

"आठपासनं? मग फोन का नाही केला?"

"त्या म्हनत्यात, नंबर हाय माझ्याकडं, पन बोर्डावर लिवलंय न्हवं. दुसरं कुनी डॉक्टर येत्याल म्हनून बसल्यात."

साडेदहा वाजले होते. पाणमोट म्हणजे रेडकाभोवतीची पाण्याची पिशवी. ती फुटल्यावर म्हशीला दोन तास वाट बघता येते, फार तर तीन. त्यापुढचा प्रत्येक तास पोटातल्या रेडकाच्या जिवावर बेततो.

साहेबांना फोन लावला. "सर, माझा चार्ज ज्याच्याकडे दिलाय तो डॉक्टर कुठं आहे?"

"अरे, तो इथं माझ्याकडे ऑनलाइन एंट्रीला बसलाय. एका दिवसानं काय बिघडतंय?"

"म्हैस मरतीय, सर. एवढंच बिघडतंय."

"आवाज खाली कर."

मी फोनच खाली ठेवला. आत जाऊन म्हैस अडलीय एवढं सांगितलं आणि पाळकांच्या हातात कागद कोंबला. "जा तू. संदेश मी वाचतो. आम्ही प्रार्थना करतो," ते म्हणाले.

कापूरहोळच्या फाट्यावर गाड्यांची ही रांग! लाल टोप्या घालून रिसॉर्टला निघालेली मंडळी ढाब्यापुढे फोटो काढत होती. मी हॉर्न वाजवून वाजवून बेजार झालो. शिव्या साहेबांना घातल्या, टोपीवाल्यांना घातल्या. वेल्हं मागं टाकेपर्यंत शिव्या घालायला एकच माणूस उरला होता. चार्जवाल्याचा नंबर बोर्डावर लिहायला मला किती खडू लागला असता?

पासलीत पोचलो तेव्हा साडेबारा झाले होते. दगडूनं सखूबाईंना मोटारसायकलवरून आधीच आणून सोडलं होतं. बुद्धविहाराच्या मागं त्यांचं घर. एकट्या राहतात, आणि घर चालतं ते या एका म्हशीच्या दुधावर. म्हैस आडवी पडलेली, डोळे खोल गेलेले.

हात घातला. पुढचे दोन पाय वाटेवर, पण मान मागं वळून बरगडीला चिकटलेली. अशा वेळी ओढायचं नसतं. आधी रेडकू आत ढकलायचं, जागा करायची, तोंड धरून मान सरळ करायची आणि मग म्हशीच्या कळेबरोबर ओढायचं. पाऊण तास लागला. दगडू आणि मी घामानं निथळत होतो. रेडी होती. छातीवर चोळलं, मागच्या पायांनी उलटी धरली, नाकातला चिकटा काढला. काही उपयोग झाला नाही. ती केव्हाच गेली होती.

म्हशीला सलाईन लावलं. तासाभरानं ती धडपडत उठली आणि तिनं गव्हाणीत तोंड घातलं. सखूबाईंनी तिच्या पाठीवरनं हात फिरवला.

"मला बोलवायचं होतं की हो, बाई!" मी अक्षरशः ओरडलो. "मेला तो सण! तुम्ही फोन करायचा!"

"आसं बोलू नगा, डॉक्टर," त्या म्हणाल्या. "सन वर्साचा येकदाच येतो. आमच्या जयंतीच्या दिवशी आमीबी कामाला हात लावत न्हाई. तुमालाबी तुमचा देव हायच की. म्हस वाचली, लई झालं. हात धुवा, च्या टाकते."

त्यांनी मला चार शिव्या दिल्या असत्या तर मला बरं वाटलं असतं. गाडीत नाताळच्या करंज्यांचा डबा होता, तो त्यांच्यापुढं ठेवला. त्यांनी पहिली करंजी माझ्याच हातावर ठेवली.

परतताना दवाखान्यापाशी गाडी थांबवली आणि ओल्या फडक्यानं बोर्ड पुसला. दगडूनं विचारलं, "आता काय लिवू?" मी स्वतःच खडू घेतला. माझा नंबर लिहिला, खाली चार्जवाल्याचा, आणि त्याखाली : 'जनावर अडलं तर कधीही फोन करा.' कधीही या शब्दाखाली दोन रेघा मारल्या.

एवढ्यात पाळकांचा फोन आला. "म्हैस कशी आहे?"

"म्हैस आहे. रेडी गेली."

ते हळहळले. "संदेश सगळ्यांना फार आवडला बघ. विषयच तसा घेतला होतास. त्या रात्री बेथलेहेमात सगळ्यांची दारं बंद होती, आपण आपलं उघडं ठेवू या. लोकांचे डोळे पाणावले. पुढच्या वर्षीही तूच दे."

"पुढच्या वर्षी माझी ड्युटी आहे," मी म्हणालो.