भादव्यातली धूळ

लोधीपुऱ्यातला वामन पेंटर चांगला माणूस होता असं त्याच्या हयातीत कुणी म्हटलं नाही, आणि मेल्यावर म्हणाले ते केवळ रीत म्हणून. पोटासाठी तो दुकानांच्या पाट्या रंगवायचा. खरं नाव होतं ते गणपतीपुढच्या देखाव्यांमुळे, त्यातही लढाईच्या. चिमुकले सैनिक, तोफा, रणगाडे दुसरे कारागीर करून देत. वामन फक्त जमीन करायचा. फळ्यांवर गोणपाट ठोकायचं, त्याला सरसाचा हात द्यायचा, वरून फडक्यातून चाळलेली काळी माती. केळीच्या सोपटाचे धागे काढून, वाळवून, त्यांचं सुकं गवत. माणसं वाकून बघत आणि नकळत धोतर सावरत.

जीभ मात्र विखारी. दुसऱ्या मंडळाची जमीन चुकलेली दिसली की चार लोकांत तिथेच वाभाडे काढायचा. पोटच्या पोरालाही त्याने सोडलं नाही. प्रकाशने एकदा सरस जास्त घातला, जमीन तेल चोपडल्यासारखी चमकली, तर वामनने ती भर इतवाऱ्यात पायाने उधळली आणि म्हणाला, "तुला माती कळत नाही. तू ओझी वाहा." पोरगा मनाला लावून घेणारा. मिसरूड फुटल्याबरोबर फौजेत भरती झाला. निजामावर फौजा चालून गेल्या, त्याच भादव्यात तो गेल्याची तार आली. कुठे, कसा, काही नाही.

त्याची आई निर्मला तेव्हापासून एकच विचारायची, तो पडला ती जागा कशी असेल? एखादं झाड तरी होतं का तिथे? जन्मभर जमिनी केलेल्या माणसाला त्याचं उत्तर देता येत नव्हतं.

वर्षभराने यादव आला. तुकईथडच्या शेतकऱ्याचा पोर, प्रकाशच्याच तुकडीत गाडी चालवायचा, आता फौज सोडून घरी आलेला. उंबऱ्यावर बसून नुसता घाम पुसत राहिला. निर्मलाने त्याला आत घेतलं, ताट वाढलं आणि जागेचं विचारलं. यादवने घास गिळला आणि सांगितलं. नळदुर्गाच्या अलीकडचं काळं रान, बाजूला ओढा, बांधावर एक बाभूळ. रणगाडे निघाले, धुळीने काही दिसेना, तेवढ्यात प्रकाशला गोळी लागली. बाभळीखाली पडला. त्रास झाला नाही.

इतवाऱ्यातल्या मंडळाचा अध्यक्ष गिरधर यंदा हैदराबादचाच देखावा मागत होता. वामनने काम घेतलं, पण मंडळासाठी नव्हे. यादव रोज यायचा, जेवायचा, विचारेल ते सांगायचा. ओढा कुठल्या अंगाला, बांध केवढा. बाभळीसाठी निर्मलाने स्वतः काटेरी डहाळी आणली. वर्षभरात पहिल्यांदा तिच्या चेहऱ्यावर रंग आला होता.

गणपती बसायच्या आदल्या दिवशी वामन रणगाड्यांच्या खुणा उमटवत होता. शेवटची धूळ भुरभुरवायला त्याने बारीक माती चिमटीत घेतली आणि हात तिथेच थांबला. मंडपाच्या तोंडाशी त्याच्या स्वतःच्या चपला पडल्या होत्या, काळ्या चिखलाने जड झालेल्या. यादव जवळच उभा होता.

"यादव, तू शेतकऱ्याचा पोर. भादव्यात काळ्या रानात धूळ उडते?"

यादव खाली बसला. "काका, आमी तठे गेलोच नाही. सोलापूरकडेच छावणीत व्हतो. मी गाडी मागे घेत व्हतो. परकास मागे हुभा व्हता, मले दिसला नाही." सांगायलाच आलो होतो, काकींनी ताट वाढलं आणि तोंडच उघडेना, असंही तो पुढे म्हणाला.

वामनने त्याला मारलं नाही. मारलं असतं तर यादव सुटला असता. वामनने चिमटीतली धूळ भुरभुरवली आणि हुकूम सोडला. रोज संध्याकाळी काठी घेऊन देखाव्यापाशी उभं राहायचं, लोकांना हीच हकिकत सांगायची, बाभळीखालची जागा दाखवायची, निर्मलाच्या देखत. विसर्जनाच्या दिवशी मात्र खरं सांगायचं, भर मंडपात, तिच्या तोंडावर. "तोवर खोटं बोल," वामन म्हणाला. "जिभेला फोड येईपर्यंत बोल."

यादव बोलला. गर्दी लोटली. गिरधरने त्याला शाल पांघरली, बायका डोळे पुसू लागल्या. वामन खांबाला टेकून यादवचं उतरत जाणारं तोंड बघायचा आणि त्याला मनापासून सुख व्हायचं. खरं ऐकून निर्मलाचं काय होईल, हे त्याच्या डोक्यातही आलं नाही.

विसर्जनाच्या दिवशी मंडप भरला. वामनने खूण केली. यादव काठी ठेवून पुढे आला, पण त्याच्याआधी निर्मला उठली. बाभळीखालची चिमूटभर माती तिने कपाळाला लावली, थोडी पदराला बांधली आणि यादवच्या डोक्यावर हात ठेवला.

"बापाने त्याला घराबाहेर घालवलं," ती म्हणाली. "पण शेवटी तू जवळ होतास, बाबा. माझा पोर एकटा नाही मेला."

सांगू का, असं यादवने नजरेनेच विचारलं. वामनने नको म्हणून मान हलवली.

पुढच्या वर्षी निर्मलाने गिरधरच्या मागे लागून तोच देखावा ठेवायला लावला. त्याच्या पुढच्याही वर्षी. यादव तुकईथडहून यायचा, काठी धरून उभा राहायचा, निर्मलाने वाढलेलं जेवून जायचा. वामनचे हात कापू लागले तरी माती तोच चाळायचा. एका वर्षी दुसऱ्या मंडळाचा कारागीर आला. वामनने कधीकाळी त्याचेही वाभाडे काढले होते. वाकून बघत तो भर गर्दीत म्हणाला, "वामनराव, भादव्यात कुठली हो धूळ? म्हातारपणी माती कळेनाशी झाली वाटतं."

लोक हसले. निर्मला शेजारीच उभी होती.

"नाही कळत," वामन म्हणाला, आणि चिमटीतली धूळ त्याने बाभळीखाली सोडली.